आधी शेगडी, मग टोप

जोगळेकर बाई माझ्या नवीन पनवेलच्या खोलीत भाड्याने आल्या आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी फरशीवर खडूने गोल आणि रेघा काढून गोलांत चिंचोके मांडले. मला वाटलं, करणी. मी चौथीपर्यंतच शिकलोय, पण भितो कुणाला? सरळ विचारलं.

"काका, गोल म्हणजे वस्तूची जागा, रेघ म्हणजे काम. काम झालं की चिंचोका पुढे सरकतो. चार कामं एकदम चालली तर कुठे अडेल, ते आधीच कळतं. याला पेट्रीचं जाळं म्हणतात." कॉलेजात त्या हेच शिकवत.

"आमी गव्हाणचे. या जाल्यात कोलंबी पन अडकायची नाय."

"तुमचे भाऊ अडकतील," बाई म्हणाल्या.

त्याचं असं, की गावच्या घरी नातीचा साखरपुडा होता. भाड्याची भांडी दारात येणार नाहीत, हा माझा बाणा. घरची मोठी शेगडी एक, मोठा टोप एक. मटण माझा भाऊ हिरू करणार, भात मेहुणा काशिनाथ. ज्याच्या हाताला जे लागेल ते त्याने घ्यावं, असं मी ठरवलेलं. एक वाजता पान वाढीन, हा व्याह्यांना शब्द.

बाईंनी चिंचोके सरकवले. दुसऱ्याच खेपेला सगळं ठप्प. "हिरूभाऊंकडे टोप, काशिनाथरावांकडे शेगडी. कोण सोडणार? त्यापेक्षा दोघांनीही आधी शेगडी घ्यायची, मग टोप, असा नियम करा."

"आनि कांदा कोन आधी चिरतो, नारल कोन फोडतो, त्या खेपा तपासल्या का?"

"ज्यांचं भांडण होऊच शकत नाही, त्यांची पाळी कशाला तपासायची? दोन हात एकाच वस्तूवर पडतात, तेवढंच बघायचं. नाहीतर जन्म पुरणार नाही."

"माज्या घरात माजा शब्द," मी म्हटलं. नियम केला नाही.

साखरपुड्याला सकाळी दहा वाजता हिरू परसात टोप कवटाळून बसलेला, काशिनाथ ओटीवर शेगडीला चिकटलेला.

"टोप आन."

"आधी शेगडी दे. मी पोरीच्या बापाचा चुलता हाय."

"मंग मी त्याचा मामा हाय."

तेवढ्यात व्याही पेणहून निघाल्याचा फोन आला. मी घसा खाकरला. "आजपासून या घरात आधी शेगडी, मग टोप. शेगडी काशिनाथकडं हाय. हिरू, टोप सोड."

भात उतरला, परातीत उपसला, मटण चढलं. एकला पान वाढलं. व्याही म्हणाले, "काय डोकं हाय तुमचं." मी मान डोलावली. बाई समोरच्याच पंगतीत होत्या. त्यांनी फक्त मीठ मागितलं.

गावात मला दादा म्हणतात; तेव्हापासून गावच्या कार्यात 'दादांचा नियम' चालतो. बाई खोली सोडून गेल्या तेव्हाही नियम माझ्याच नावावर होता. गेल्या महिन्यात त्या वारल्याचं कळलं.

परवा पुतण्याच्या लग्नात कोणीतरी पुन्हा म्हणालं, दादांचा नियम. मी म्हटलं, "माजा नाय. बाईंचा हाय."

हिरूने घास हातातच धरला. "कंच्या बाई?"

मी वाढप्याला सांगितलं, "याला मटण मंग वाढ. आधी ऐकू दे."