दोहात फुगलेलं ला पाझ

ला पाझ हे शहर मी एकदा दोहाच्या उन्हात फुगवलं.

आमच्या इराला शाळेत बोलिव्हियाची राजधानी ला पाझ मिळाली होती. वर्गासमोर शहराची ओळख करून द्यायची आणि सोबत मॉडेल. माहिती तिची पाठ होती: ढगांइतकं उंच, वाटीसारख्या दरीत वसलेलं, आणि लोक चक्क रोपवेने ऑफिसला जातात. मॉडेल मी मागून घेतलं. (दोहात उंच म्हणजे फ्लायओव्हर. घरात डोंगर पाहून वाढलेला मी एकटाच, साताऱ्याचा.)

"बाबा, रेडीमेड मिळतं. यू डोन्ट हॅव टू," इरा म्हणाली.

"साताऱ्याच्या माणसाने डोंगर विकत आणायचा?"

काड्यापेट्यांची घरं झाली, दोऱ्याचा रोपवे झाला. डोंगर तेवढे राहिले. सकाळी इरा बसने शाळेत गेली, बायको सुनंदा तिच्या क्लिनिकला. मला मॉडेल घेऊन मागून जायचं होतं. फ्रिज उघडला तर भलंमोठं पातेलं भरून कणीक. फळीवर थापली, रंगवली, शिखरांवर टाल्कम पावडरचा बर्फ. अँडीज तयार.

वाटेत अल अझीझियाला करक चहा प्यायला थांबलो. गाडी उन्हात. एवढ्यात सुनंदाचा फोन.

"अहो, घरी गेलात की फ्रिजमधलं पीठ बाहेर काढून ठेवा. यीस्ट घातलंय त्यात. रात्री पाहुण्यांना पाव करायचेत."

"ठेवलंय की," मी म्हणालो. (हे खोटं नव्हतं.)

गाडीचं दार उघडलं तर बेकरीचा वास. डोंगर दुप्पट झाले होते. दरीच उरली नव्हती. घरं एकमेकांच्या अंगावर रेललेली, रोपवे तुटून एक डबा गिअरपाशी पडलेला. दुसरा कुणी परत फिरला असता. मी गाडी सुरू केली.

वर्गात मॅडमनी चष्मा वर केला. "ये क्या है?"

"ला पाझ."

"ये हिल रहा है."

"अँडीज अभी भी बढ़ रहा है, मॅडम. जिओलॉजी है."

"सुबह से?"

इराने मान खाली घालून बोलायला सुरुवात केली. मॅडमनी मध्येच थांबवलं. कागदोपत्री राजधानी सुक्रे आहे, ला पाझमध्ये फक्त सरकार बसतं.

मी मागच्या बाकावरून उठलो. "मॅडम, सरकार बैठे वही राजधानी. हमारा भी घर मेरे नाम पर है, सरकार किचन में बैठती है."

"बाबा, प्लीज," इरा म्हणाली.

तेवढ्यात सगळ्यात मोठ्या शिखराने फुस्स केलं आणि ते दहा-बारा घरांसकट खाली बसलं. इराने माझ्याकडे पाहिलं, मग मॉडेलकडे, आणि शांतपणे म्हणाली, "अँड धिस इज अ लँडस्लाइड. ला पाझमध्ये खरंच होतं."

टाळ्या पडल्या. तिला ए मिळाला. आपण माघार घेतली नाही म्हणून झालं, असं मी स्वतःला बजावलं.

रात्री पाहुण्यांनी भाजी दुकानातल्या खुबूस रोट्यांबरोबर खाल्ली. ते गेल्यावर सुनंदाने विचारलं, "मॅडम काय म्हणाल्या?"

इरा म्हणाली, "प्रेझेंटेशन एक्सलंट. पण पुढच्या वेळी बाबांनी फक्त गाडी चालवायची."

सुनंदाने ताटं उचलता उचलता माझ्याकडे पाहिलं. "तुझ्या मॅडम यांच्या गाडीत बसलेल्या दिसत नाहीत."