तात्पुरत्या हॉलमधला आंबा

आमच्या म्युझियममध्ये एक हॉल फक्त तात्पुरत्या प्रदर्शनांसाठी आहे. मी त्याचा मॅनेजर. चित्रं महिनाभरात उतरतात, किस्से मात्र माझ्या डोक्यात साठत जातात. चाकणच्या कंपन्यांच्या गराड्यात ही चकाचक इमारत बघून निम्मे लोक आधी विचारतात, "साखरपुड्याला हॉल कितीला पडतो, भाऊ?"

दारावर आमचे नामदेवभाऊ. निघोजेचे. जमीन कंपनीला गेली, पैसा आला, घरी वेळ जाईना म्हणून गार्ड झाले. यांची गाडी माझ्या गाडीच्या दुप्पट, राव! पण थोरल्या भावाशी बोलणं बंद. का? तर बांधावरचा आंबा कुणाच्या बाजूला! आता बांध गेला, आंबा गेला, तिथं कंपनीची शेड उभी आहे. अबोला तसाच.

"लई आठवन येती त्याची," एकदा चहा पिताना म्हणाले. "पन आधी त्यानं बोलावं की!"

एकदा फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर शेजारच्या कंपनीतले एक क्वालिटीवाले साहेब आले. अमूर्त चित्रासमोर पाच मिनिटं उभे. मग हळूच मला म्हणाले, "हे रिवर्कला जाणार, की असंच डिस्पॅच?"

वाकडच्या एका मॅडमना एक उभं चित्र फार आवडलं. "हेच आडवं मिळेल का? आमची भिंत आडवी आहे!"

उद्घाटनाची तर कमालच. एका कलाकार पोरीनं हॉलभर लाल फिती ताणल्या होत्या, तेच तिचं शिल्प. प्रमुख पाहुणे आले, ताटातली कात्री उचलली आणि समोर दिसली ती फीत कचकन कापली. टाळ्या! पोरगी रडायलाच लागली. नामदेवभाऊ समजूत घालतात, "रडू नको बाय, अजून लई हायेत!"

मग गेल्या महिन्यात एका म्हाताऱ्या चित्रकाराची निसर्गचित्रं लागली. कंपन्या येण्याआधी त्यांनी याच भागात काढलेली. नामदेवभाऊ एका चित्रासमोर खिळले.

"साहेब, आमचं रान! ह्यो बांध, ह्यो आंबा! बघा, माझ्याच बाजूला हाय!"

बातमी गावात गेली. दुसऱ्या दिवशी थोरले हजर. चित्र बघून मला म्हणाले, "त्याला सांगा, नीट बघ. आंबा माझ्याकडं हाय."

"त्यास्नी सांगा, चष्मा बदला!"

दोघांत हातभर अंतर, आणि मी मध्ये पोस्टमन! शेवटी वैतागून चित्रकारालाच बोलावलं. ते सहज म्हणाले, "झाड तिथं नव्हतंच हो. चित्राचा तोल साधेना, म्हणून मी थोडं सरकवलं."

दोघं भाऊ एकदम एकमेकांकडं वळले.

"दादा!" नामदेवभाऊ ओरडले. "ह्यानं आपल्या बाचा आंबा सरकवला!"

"बघतोय न्हवं मी!" थोरले चित्रकाराच्या अंगावरच गेले. "होता तिथं काढा. आत्ताच्या आत्ता!"

चित्रकारानं घाबरून झोळीतून ब्रश काढला. "काढतो. पण नेमका कुठं होता?"

दोघांची बोटं एकदम उठली. एक बांधाच्या अलीकडं, एक पलीकडं! मी कपाळावर हात मारला.

थोरले धाकट्याच्या बोटाकडं बघत राहिले. डोळे पुसले आणि म्हणाले, "त्यो म्हनतोय तिथं काढा."

"न्हाई न्हाई! दादा म्हनतोय तिथं!"

"गप ए! तुझ्याच बाजूला व्हता."

"तुझ्या बाजूला व्हता!"

पुन्हा जुंपली. चित्रकार ब्रश घेऊन उभेच!