अभ्रकाची पुडी

आमचा औषधांचा कारखाना म्हणजे परळच्या मोकळ्या जागेतली एक शेड आणि शेणी रचून पेटवायचा खड्डा. दुसऱ्यांच्या दारी खलबत्त्यात औषधं कुटत मी तिथवर पोचलो होतो. गिरगावातलं दुकान भागीदाराचं. बापाकडून आयतं आलेलं. अभ्रकाचं भस्म मी करायचं, त्यांनी विकायचं. अट एकच होती. चिमूटभर भस्म अंगठ्यावर चोळून मी उन्हात पाहणार, आणि एकही कण चमकला नाही तरच बरणीला माझी लाखेची मोहोर लागणार. चमक राहिलेलं अभ्रक पोटात विषासारखं वागतं. ते पुन्हा भट्टीत घालायचं असतं.

प्लेगच्या साली आमच्या चाळीत एक जण गेला आणि आम्हा शेजाऱ्यांना छावणीत नेऊन ठेवलं. शेडमध्ये एक बरणी अर्धकच्ची राहिली. सुटून आलो तेव्हा ती दुकानात होती, तळ दिसत होता.

"मोहोरेशिवाय विकलीत?"

"माणसं मरतायत, वैद्यबुवा. तुमच्या अंगठ्याची वाट कुणी बघायची? आणि मी पाहिलं की चोळून."

"कुठे?"

"इथेच. समईपाशी."

मी उरलेलं भस्म रस्त्यावर उन्हात आणून चोळलं. अंगठा खवल्यासारखा चमकला. भागीदार म्हणाले, आता बोभाटा नको. मी त्यांना भर रस्त्यात शिव्या घातल्या आणि पुड्या परत आणायला निघालो.

निम्मं गिरगाव गावी पळालेलं. ज्या घरात प्लेगने माणूस गेलं, त्याच्या दारावर सरकारी माणसांनी काढलेलं तांबडं वर्तुळ. कुलूप दिसत असूनही मी कडी वाजवायचो आणि आतून कुणी ओ देईल म्हणून थांबायचो. काही पुड्या मिळाल्या. एक कोळीण मात्र घरी होती. तिच्याशी माझी रोजची घासाघीस. नवरा तापातून उठलेला, अशक्त. त्याच्यासाठी तिने पुडी नेली होती.

"बाय, ती पुडी दे. दुसरी देतो."

"विकलेला म्हावरा मी कधी परत घेतलाय? मंग तू कसा मागतोस?"

"दुप्पट देतो."

तिने डोळे बारीक केले. "बोंबलाच्या वाट्यासाठी घटकाभर भांडनारा तू. दुप्पट?"

"तिप्पट घे."

तिथेच मी फसलो. गरज दाखवली की भाव चढतो, हे मीच चार जणांना शिकवलेलं. तिला वाटलं, पुडीत काहीतरी मोलाचं आहे आणि ते चुकून तिच्या हाती लागलंय. माझं डोकं फिरलं. "विष आहे त्यात," मी ओरडलो.

ती हसली. "इसाला तिप्पट कोन देतो रे? माजा घो कालपासून उठून बसलाय." आणि दार लोटलं.

काही दिवसांनी मी पुन्हा तिच्याकडे गेलो तेव्हा दाराला कुलूप होतं आणि वर्तुळ ओलं होतं. दोघांपैकी कोण गेलं, ते सांगायलाही आळीत कुणी उरलं नव्हतं.

भागीदार म्हणतात, प्लेगच तो. वर्तुळ होतं ना दारावर? असेलही. पण त्या पुडीतलं किती पोटात गेलं, याला त्यांच्याजवळ उत्तर नाही, आणि त्यांना त्याची गरजही पडत नाही. रात्री जेवून ते स्वस्थ झोपतात. मी अजून त्या बाईला पटवत असतो. एकेक भाव सांगून पाहतो. ती ऐकून घेते आणि दार लोटते.