पाव सेकंदाचं कुलूप

त्याला सगळे ‘तळघर’ म्हणायचे. रक्ततपासणीच्या लॅबमधले कॉम्प्युटर तो सांभाळायचा, आणि गडी असा हट्टी, की प्रोग्राम लिहायचा तो थेट मशीनच्या पोटात शिरून. “वरवरच्या भाषा वरवरच्या माणसांना,” असं म्हणायचा आणि शिव्या खायचा.

रिपोर्ट टाइप करणाऱ्या ताई त्याच्याहून वीस वर्षांनी मोठ्या. त्याला इथे नोकरीला चिकटवलं तेही त्यांनीच. हल्ली ताईंचा हात कापायचा, एकच बटण दोनदा दाबलं जायचं. एका पेशंटची एकशे चाळीस साखर कागदावर चौदाशे चाळीस झाली, आणि मालक डॉक्टरांनी सुनावलं, “अजून एक चूक, की ताई घरी.” घरात दुसरं कमावतं कोणी नव्हतं.

मग कोणाला न सांगता तळघराने एक उद्योग केला. बटण दाबलं की पाव सेकंद कीबोर्ड बंद, मग आपोआप चालू, म्हणजे कापऱ्या हाताचा दुसरा ठोका उमटायलाच नको. पहिल्यांदा फजितीच झाली. बंद असताना दाबलेलं सगळं कीबोर्डाने धरून ठेवलं आणि उघडताच भडाभडा ओकलं! तेव्हा उघडण्याआधी ते साठलेलं फेकून द्यायची सोय त्याने केली. महिनाभर एक आकडा चुकला नाही. स्वारी खूश.

एके दुपारी डबा खाता खाता ताई म्हणाल्या, “अरे, हात बरा झाला बघ माझा! गोळ्यासुद्धा बंद केल्या. पंधरा दिवस झाले.”

त्यांच्या हातातला चमचा वाटीवर टकटकत होता. तळघराने हातातला घास परत डब्यात ठेवला. इकडे आड, तिकडे विहीर. शेवटी तो बोलला, “ताई, हात बरा नाही झाला. मी कीबोर्ड बंद करतोय मधेमधे.” आणि सगळं सांगून टाकलं.

“काढ ते,” ताई म्हणाल्या.

त्याने काढलं. ताईंनी एकशे चाळीस टाइप केलं. पडद्यावर उमटलं, अकरा हजार चारशे चाळीस. ताईंचे डोळे भरून आले.

“मूर्खा, मला विचारायचं तरी! हात माझा आहे ना?”

“चुकलो, ताई.” त्याला मान वर करवेना.

ताईंनी त्याच्यासमोरच हाताच्या गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांना फोन लावला. “हो, मीच बंद केल्या. न विचारता,” असं सांगून, बोलणी खाऊन फोन ठेवला आणि खुर्ची पुढे ओढली.

“आता लाव परत. पण चालू-बंद करायचं बटण माझ्याकडे दे.”