सगळ्या गावाचे इवाई

सौंसर तालुक्यात माझ्या साडूंइतके व्याही दुसऱ्या कुणाला झाले नाहीत, आणि साडूंना तर मूलबाळही नव्हतं. आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात आणि विहिणीला इहीन. बाकीच्यांना पोरंपोरी उजवून जन्मभरात चार-दोन इवाई मिळतात. साडूंना मोहगावच्या रस्त्यावरच्या एका खेड्यात घरटी एक इवाई होता, आणि जिथे भाऊ वेगळे निघाले होते तिथे चुलीगणिक एक. ते त्या खेड्यातल्या मिडल स्कूलचे मास्तर. राहायला सौंसरला, जाणंयेणं सायकलवर. मी पांढुर्ण्याला नोकरीला होतो. बायकोला दर रविवारी बहिणीकडे जायचं असे, आणि बहिणी बोलत बसल्या की साडू मला कॅरिअरवर बसवून आपल्या इवायांकडे निघत. ऐंशीच्या दशकातले माझे बहुतेक रविवार असे लोकांच्या ओट्यांवर गेले.

याची सुरुवात एका सरकारी फर्मानाने झाली. पालकांची सभा भरवा, असं वरून कळवण्यात आलं. साडूंनी शाळा सुटताना पोरांना घाईघाईने सांगितलं, "सोमवारी येताना सगळ्यायनं पालक घेऊन याचं." सोमवारी पोरं पालकाच्या जुड्या घेऊन आली. ज्यांच्या वाडीत पालक नव्हता त्यांनी मेथी आणली, आणि एका मुलीने आईचा निरोप आणला की आमच्याकडे सध्या फक्त वांगी आहेत, चालतील का. सभेला एकही माणूस आला नाही. बडे गुरुजी, म्हणजे शाळेचे हेडमास्तर, मात्र पिशवी भरून भाजी घरी घेऊन गेले. साडू पोरांवर चिडले नाहीत. जो शब्द ऐकून आईबापाला आपली आठवण येत नाही तो शब्दच कुचकामी, असं त्यांनी ठरवलं आणि दुसरा शोधला. त्यांचं म्हणणं साधं होतं. पोरगी दुसऱ्याच्या घरी दिली की लोक तिची खबर घेतात, सणावाराला जातात, सासरच्यांशी नीट बोलतात. इथे पोरगं दिवसभर मास्तरच्या हवाली करतात आणि बाप एकदाही विचारायला येत नाही. तेव्हा ज्याचं लेकरू माझ्या वर्गात, तो माझा इवाई.

एकदा इवाई म्हटल्यावर त्यांनी सगळे मानपान चालू केले. धुतलेलं धोतर आणि पांढरी टोपी घालून ते ओट्यावर बसत आणि पाय धुवायला पाणी आल्याशिवाय तोंड उघडत नसत. मग कपाशी, बैल, संत्र्याचा बहार अशी चौकशी करत करत हळूच पोराच्या पाढ्यांवर येत. कुणी न सांगता पोराला कापूस वेचायला घरी ठेवलं तर साडू रुसत. अंगणात उभे राहत, चहाला हात लावत नसत. रुसलेला मास्तर लोकांनी पुष्कळ पाहिला होता, पण रुसलेला व्याही म्हटलं की घरातल्या बायका नवऱ्याच्या मागे लागत, आणि दुसऱ्या दिवशी पोरगं तेल लावून, भांग पाडून वर्गात हजर होई. जे घरी सापडत नसत त्यांना साडू शनिवारी जामसांवलीला गाठत. मारुतीच्या दर्शनाच्या रांगेतून कुणाला पळता येत नाही. हातात नारळ घेऊन उभ्या असलेल्या एका बापाला त्यांनी पोराच्या भागाकाराची हकीकत अशी काही सांगितली, की मारुतीपुढे पोचेपर्यंत त्याला नवस कशाचा होता तेच आठवेना.

मानपान दोन्हीकडून असत. एका इहिणीने ऐन ओट्यावर, चार माणसांत सांगितलं की पोरगं रात्री झोपेत तुमचं नाव घेऊन दचकते. दुसऱ्या दिवशी साडूंनी आपली छडी शाळेतून घरी आणली आणि पाणी तापवायच्या चुलीत घातली. बौद्धवाड्यातलं पाणी आणि पाटलाच्या घरचं पाणी ते एकाच चवीने पीत. एका बागाईतदाराला हे पचेना. तो म्हणाला, मास्तर, मीही तुमचा इवाई आणि तोही तुमचा इवाई, हे कसं काय? साडू म्हणाले, "मंग तुमी दोघं एकमेकाचे कोन लागता ते तुमी पाहून घ्या जी." बागाईतदार बरेच दिवस तेच पाहत होता.

गावात टवाळी व्हायचीच. ज्याला लेक ना लेकरू त्याच्याच मागे इवायांचं लटांबर, असं लोक त्यांच्या पाठीमागे म्हणत, आणि कधी कधी समोरही. साडू हसत. मला मात्र ते लागे.

त्यांची खरी परीक्षा सुमनने घेतली. ही पोरगी आठवीत पहिली आली. आईबाप दुसऱ्यांच्या संत्र्याच्या बागांत मजुरी करणारे, आणि गावातली शाळा आठवीलाच संपत होती. नववी सौंसरला. एवढी शिकली ते पुष्कळ झालं, आता घरी बसेल आणि वर्षभरात स्थळ पाहू, असं आईबापाने ठरवलं. साडूंना जेवण जाईना. ही पोरगी घरी बसली तर एवढी वर्षं मी नुसतंच लोकांचं पाणी पीत हिंडलो, असं ते मला म्हणाले. त्यांनी बापाला निरोप धाडला की रविवारी येतो.

त्या दिवशी वरुडकडून सुमनचा मामा आला होता. बाप त्याला सवयीने बोलून गेला की आज आमचे इवाई येऊन राहिले, आम्ही बागेतून येतपर्यंत बसवून घ्या. नवराबायको कामाला गेले आणि घरी मामा आणि सुमन राहिले. भाचीच्या बापाला इवाई आहेत म्हणजे सोयरीक ठरत आली आणि मामाला कुणी विचारलंही नाही, हे दुःख गिळून तो कामाला लागला. अंगण सारवून घेतलं, सतरंजी मागून आणली, सुमनला आणि शेजारणीला पोरगी पाहायला पाहुणे येताहेत एवढंच सांगून पोहे करवले. आम्ही सतरंजीवर बसलो तेव्हा त्याने मला वरपासून खालपर्यंत नीट न्याहाळलं. मी तिशी ओलांडलेला, कपाळ मागे सरकायला लागलेलं. तो साडूंना खालच्या आवाजात म्हणाला, "नवरदेव थोडे मोठे दिसून राहिले जी." मी पोह्यांची बशी खाली ठेवली. साडूंना काहीच उलगडा झाला नव्हता. ते म्हणाले, मोठेच आहेत, माझे साडू आहेत. तेवढ्यात आतून सुमन पाण्याचे पेले घेऊन आली. अंगावर शेजारणीचं लुगडं, डोळे रडून सुजलेले. तिने मान वर करून पाहिलं आणि म्हणाली, "गुरुजी, तुमी?" मग ती तिथेच बसली आणि इतकी हसली की पुन्हा रडायला लागली.

आईबाप धावतपळत आले तोवर मामा चेहरा लपवायला गोठ्यात गेला होता. साडूंनी त्याला बोलावून शेजारी बसवलं. म्हणाले, "मामाचं काही चुकलं नाई. मी पोरगी मागालेच आलो. सौंसरच्या हायस्कुलात द्या तिले."

बाप खाली बघत म्हणाला, "मास्तर, संध्याकाळच्या बसचा काही नेम नाई." इतक्या वर्षांत त्याने पहिल्यांदाच इवाई न म्हणता मास्तर म्हटलं, आणि साडूंचा चेहरा उतरला. मग दाराशी उभी असलेली आई म्हणाली, "अन् तिथं तिले पाहील कोन?"

साडू म्हणाले, "आमच्या घरी राहील. माही बायको पाहील."

"बाईले पुसलं का?"

"नाई."

"मंग मी घर पाहाले येईन," ती म्हणाली.

बाजाराच्या दिवशी ती खरंच आली. मीही रजा काढून सौंसरला गेलो होतो. माझ्या मेव्हणीला ही बातमी आदल्या रात्री कळली होती आणि तेव्हापासून तिने साडूंशी अबोला धरला होता. आईने स्वयंपाकघर पाहिलं, विहीर पाहिली, पोरगी कुठे झोपेल ते पाहिलं. मग ती हायस्कुलात गेली. मुलींच्या संडासाला कडी आहे का, हे तिने स्वतः लावून पाहिलं, आणि तिथल्या बड्या गुरुजींना सांगितलं की दर बाजाराला मी येत जाईन आणि पोरगी कशी आहे ते पुसत जाईन. परत येऊन दोघी बायका चुलीपाशी बसल्या आणि आम्हाला बाहेर घालवण्यात आलं. आम्ही परतलो तेव्हा मेव्हणीने कपाटातला एक खण रिकामा केला होता. नववीची पुस्तकं कुठे मिळतात, एवढंच तिने साडूंना विचारलं.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी आम्ही सुमनला आणायला गेलो. बसथांब्यावर सगळे इवाई जमले होते. साडू रंगात आले होते. वरमायेचा मान कुठे आहे, नारळ कुठे आहे, असं एकेकाला छेडत होते. बस आली. आईने सुमनचं गाठोडं साडूंच्या हातात दिलं आणि पदर सावरून म्हणाली, "इवाई, पोरगी तुमच्या पदरात टाकली. लहान आहे. काही चुकलं तं पोटात घाला जी."

लग्नात नवरीची आई बोलते तेच हे शब्द. तिथल्या प्रत्येकाने ते ऐकलेले होते, आणि ती थट्टा करत नव्हती. साडूंनी टोपी काढली. त्यांनी हात जोडले. कंडक्टरने घंटी मारली.

बसमध्ये ते गाठोडं मांडीवर घेऊन बसले, मला वर ठेवू देईनात. इतका घाबरलेला आणि इतका सुखावलेला माणूस मी पाहिला नव्हता, आणि मला त्यांच्याकडे बघवेना. सौंसर जवळ आलं तेव्हा त्यांनी हळूच मला विचारलं, "पोरगी सकाळी चहा घेते का दूध, पुसाचं राहूनच गेलं."

मला ते माहीत नव्हतं. सुमन आमच्या पुढच्याच सीटवर बसली होती, पण तिला विचारायचं त्यांना सुचलं नाही, आणि मलाही नाही.