माळीबुवांचे उकळलेले पाणी

ईश्वराने सोलापुरात हट्टी माणसे पुष्कळ घडविली. परंतु झाडांना पाणी उकळून, गार करून पाजणारा मनुष्य एकच निर्माण केला, आणि तो अर्ज लिहविण्यास नेमका माझ्याच चटईवर येऊन बसे. मी कचेरीच्या दारात लोकांचे अर्ज लिहून देई, आणि कचेरीमागील साहेबाच्या बंगल्यावर हे माळीबुवा कामास होते. साहेबास फाटकापासून पायऱ्यांपर्यंत सरूची रांग हवी होती, आणि रोपे वीतभर होताच माना टाकीत. साहेबाच्या मते दोष माळ्याच्या आळसाचा. माळीबुवांच्या मते देवळाच्या तळ्यातून पखालीने येणाऱ्या पाण्याचा, कारण त्यातूनच मुळांना रोग लागतो. काळी पडलेली मुळे पागोट्यात खोचून ते हिंडत व चहाच्या दुकानात कोणाच्याही नाकापुढे धरीत. घरी भाकरीच्या आधी तव्यावर कुंड्यांची माती भाजली जाई, कारभारीण म्हणे, "घास कचकचला तर झाडाचा उष्टा समजा." स्वतः मात्र ते तळ्याचेच पाणी कच्चे पीत.

अखेर माझ्या सात पानी अर्जावर साहेबाने महिन्याची मुदत दिली. दहा कुंड्यांना कच्चे पाणी, दहांना उकळलेले. फरक न दिसल्यास नोकरी व राहती खोली दोन्ही सोडावी. तीन आठवड्यांत कच्च्या ओळीतील सहा रोपे आडवी झाली. उकळलेली ओळ मात्र हिरवीगार. अशात भाचीच्या लग्नासाठी माळीबुवा दोन दिवस मंद्रूपला गेले आणि कुंड्या माझ्या स्वाधीन झाल्या. पाणी मी नेमाने उकळले. परंतु मनुष्यप्रयत्न पुरा झाला, आता दैवी कृपा हवी, या विचाराने देवळातून तांब्याभर तीर्थ आणून उकळलेल्या ओळीस ओंजळ ओंजळ घातले. ते तळ्याचेच पाणी, हे मला त्या क्षणी सुचले नाही.

महिना भरल्यावर साहेब आला तेव्हा त्या ओळीतीलही पाच रोपे लोळली होती. दोन्ही ओळी सारख्याच, असे म्हणून त्याने निकाल दिला.

बैलगाडीत बिऱ्हाड चढत असता मी सर्व कबूल केले. माळीबुवांनी पागोट्यातले मूळ काढून बराच वेळ न्याहाळले.

"म्हंजी रावसाब, माजंच खरं हुतं की."

मी म्हणालो, माझा अपराध लिहून आजच अर्ज देतो.

"नगं. तीर्थानं झाडं मेली, आसं कुटं लिवतासा? गावात ऱ्हायचंय तुमास्नी."

जाताना त्यांनी एक जगलेली कुंडी माझ्या चटईशी ठेवली. तिला मी आजतागायत उकळलेलेच पाणी घालतो. सरू खांद्याएवढा झाला आहे. माझ्या अपराधाचा तो अर्ज मात्र मायन्यापुढे सरकलेला नाही.