कडेला राहिलेलं तांबं

सून विहिरीवरच्या मोटारीच्या पत्र्याच्या डब्याला चिकटली होती आणि जळक्या रबराचा वास सुटला होता. डब्यातली तांब्याची सर्किटपट्टी मुलानं नव्या, स्वस्तातल्या मशीनवर कोरली होती, ॲसिडमध्ये तांबं विरघळवायची कटकट नको म्हणून. सकाळीच मी त्याला दाखवलं, "पट्टी भाकरीवानी फुगलीय. मधी खोल कोरलंय, कडंला तांबं तसंच ऱ्हायलंय. दोन रेघा जुळल्यात बघ, करंट डब्यात उतरंल." तो म्हणाला, "चौथी शिकलेली तू, मला शिकवायलीस व्हय? गप बस." त्यानं तीच पट्टी डब्यात बसवली. दुपारी शेतात सुनेनं ओल्या हातानं विचारलं, "बटन दाबू का, आत्या?" मी म्हणाले, "दाब की. तुझा नवरा लई शहाणा हाय." तिनं दाबलं. कोरायचं मशीन आता खाटेखाली पडून आहे, पट्ट्या तो पुन्हा ॲसिडमध्येच करतो. सून गेली. पट्टीचं ठाऊक असलेले तो आणि मी वाचलो.